कधी स्टार्ट, कधी फुस्स!

घरी सेल्फ घेत नाही आणि गॅरेजमध्ये मात्र पहिल्या फटक्यात चालू! गाडीच्या या लपाछपीत पुरावा गोळा करायचं काम मेकॅनिकचं नाही, तुमचं आहे.

डिसेंबरातली मंगळवारची सकाळ. गंगापूर रोडवरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धुकं अजून रेंगाळतंय. साडेनऊला अंबडला पंचिंग. डबा मागच्या सीटवर, एफएम ऑन... आणि किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक्'. वॉचमनकाका लांबून बघतायत. तिसऱ्या वेळी मात्र इंजिन असं काही झक्कास चालू होतं, की जणू काही झालंच नव्हतं.

शनिवारी तुम्ही गाडी गॅरेजला नेता. तिथे ती दहापैकी दहा वेळा चालू होते. मेकॅनिक तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ना, ती नजर डॉक्टरच्या दारात पोचताच पोट दुखायचं थांबलेल्या पेशंटलाच कळेल.

आणि मग सुरू होतो 'बदलून बघू' हा कार्यक्रम. बॅटरी बदलून बघू. पंधरा दिवसांनी पुन्हा 'टक्', मग प्लग बदलून बघू. मग फ्युएल पंप. दर वेळी बिल तुमचं आणि अंदाज दुसऱ्याचा. शेवटी कळतं काय, तर बॅटरीचं एक टर्मिनल ढिलं होतं! पाना फिरवायचं काम.

वाहन उद्योगात या प्रकाराला चक्क नाव आहे, 'नो ट्रबल फाऊंड'. तक्रार आली, तपासली, काही सापडलं नाही, गाडी परत. याचा अर्थ फॉल्ट नव्हता असा होत नाही. फॉल्ट त्या वेळी रजेवर होता, एवढंच. सतत असणारा बिघाड शोधणं सोपं असतं, कारण तो समोर उभा असतो. अधूनमधून येणारा बिघाड ज्या पाच मिनिटांत दिसतो, त्या पाच मिनिटांत तिथे असता फक्त तुम्ही. आणि आपण ती पाच मिनिटं कशात घालवतो? पुन्हा पुन्हा किल्ली फिरवण्यात आणि बॉसला फोन करण्यात.

नाशकात सल्ल्यांची कमी नाही, ते वेगळंच. ज्या शहरातल्या कारखान्यातून २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली, तिथे प्रत्येक बिल्डिंगमध्ये सातपूर-अंबडच्या कुठल्या ना कुठल्या कंपनीतले एखादे काका असतातच. ते बॉनेट उघडायला लावतात, 'हं' म्हणतात आणि आपलं निदान सांगतात. ते बरोबरही असू शकतं. पण त्यांनाही तोच प्रश्न विचारावा लागतो, जो कुठल्याही चांगल्या मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो : सेल्फ घेते का?

आवाज ऐका, बॉस

'गाडी चालू होत नाही' ही तक्रार अर्धवट आहे. यात दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत. एक म्हणजे सेल्फच घेत नाही, इंजिन फिरतच नाही. दुसरा म्हणजे सेल्फ मस्त घेते, इंजिन घर्रघर्र फिरतंय, पण पेटत नाही. पहिल्यात संशयित असतात बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची वायर, सेल्फ मोटर आणि काही छोटे स्विच. दुसऱ्यात पेट्रोल, स्पार्क आणि सेन्सर. एवढं नीट सांगितलंत तरी मेकॅनिकचा निम्मा शोध संपतो. सेल्फ जोरात घेणाऱ्या गाडीची बॅटरी बदलायला निघालेल्या माणसाला तुम्ही तिथेच थांबवू शकता.

आता पहिला आजार. किल्ली फिरवल्यावर भराभर 'टिकटिकटिक' आवाज येत असेल तर बहुतेक वेळा बॅटरीत दम नाही, किंवा बॅटरीचा दम टर्मिनलमधून पुढे जात नाही. एकच ठणठणीत 'टक्' आणि मग शांतता, तर सेल्फ मोटर किंवा तिच्या सॉलेनॉइडकडे बघायचं. अजिबातच आवाज नाही, तर किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, नाहीतर क्लच-ब्रेकचा स्विच.

याची खात्री करायला एक फुकट टेस्ट आहे. हेडलाइट लावा आणि समोरच्या भिंतीकडे बघत सेल्फ मारा. दिवे एकदम मलूल झाले किंवा विझलेच, तर बॅटरी-टर्मिनलची बाजू कच्ची. दिवे जसेच्या तसे लख्ख आणि तरीही सेल्फ नाही, तर करंट सेल्फ मोटरपर्यंत पोचतच नाहीये किंवा मोटर तो घेत नाहीये. मग नवी बॅटरी घेऊन उपयोग शून्य.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण नाशिकची थंडी. निफाडचा पारा पाचच्या खाली गेल्याची बातमी आपण चहाबरोबर वाचतो, पण त्याच सकाळी आपल्या गाडीतलं ऑइल दाट झालेलं असतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. आपल्याकडे तेवढी वेळ येत नाही, पण आधीच थकलेल्या बॅटरीला आठ-दहा अंशही पुरतात. गंमत म्हणजे बॅटरीचं खरं नुकसान झालेलं असतं उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यांत बॉनेटखालच्या भट्टीत तिच्या प्लेट झिजतात आणि कळतं डिसेंबरमध्ये. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी असेल तर दिवाळीच्या आसपास तिची लोड टेस्ट करून घेतलेली बरी.

दुसरं कारण आपली लाइफस्टाइल! घर ते ऑफिस चार किलोमीटर, त्यात हेडलाइट, एसी, म्युझिक, फोन चार्जिंग. सेल्फ मारताना खर्च झालेलं चार्जिंग एवढ्याशा फेरीत भरून येत नाही. रोज थोडी थोडी उधारी आणि एका सोमवारी दिवाळं. अशी गाडी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

पाचशेच्या आत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. तेवढे नसतील तर दोष अल्टरनेटरचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनॅमोचा, आणि नवी बॅटरीही तो महिनाभरात झोपवेल. आणि टर्मिनल? हाताने हललं, की ते ढिलं. वर पांढरी-हिरवट बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी. बॅटरी सोडवायची वेळ आली तर आधी निगेटिव्ह काढायचं. बॉडी आणि इंजिनमधली अर्थिंगची जाड पट्टीही बघून घ्या. ती गंजली तरी हीच नाटकं सुरू होतात, विशेषतः पावसाळ्यानंतर.

सेल्फ मोटरचा तर क्लासिक किस्सा असतो. मेकॅनिक खाली वाकून पान्याने मोटरवर हलकेच ठोकतो आणि गाडी चालू! सगळे टाळ्या वाजवतात. पण ही ट्रीटमेंट नाही, टेस्ट आहे. ठोकल्यावर चालू झाली म्हणजे मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेत, कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. हे काम मेकॅनिकपेक्षा वायरमनचं, आणि बऱ्याचदा मोटर न बदलता ब्रश बदलून भागतं. ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र आख्खी मोटर बदलायचाच सल्ला मिळण्याची शक्यता जास्त. माझं मत विचाराल तर आधी वायरमन गाठा.

आणि ऑटोमॅटिकवाल्यांनो, पार्कमध्ये सेल्फ घेत नसेल तर ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये मारून बघा. न्यूट्रलमध्ये घेतला तर दोष गिअरच्या स्विचचा. बटण स्टार्ट असेल तर ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेकलाइट लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगा. ते लागत नसतील तर ब्रेकचा स्विच गेलेला असू शकतो. गाडीला कळतच नाही तुम्ही ब्रेक दाबलाय ते, मग ती चालू का होईल?

मिसळ खाऊन येईपर्यंत

आता दुसरा आजार : सेल्फ घेते, पण पेटत नाही. इथे आवाजाइतकीच वेळ महत्त्वाची. सकाळी थंडीत, की गरम झाल्यावर?

नाशिककरांसाठी सोपं उदाहरण. रविवारी तुम्ही गँग घेऊन मिसळ खायला शहराबाहेर जाता. जाताना काही प्रॉब्लेम नाही. वीस मिनिटं गाडी उन्हात उभी. रस्सा दोनदा घेऊन बाहेर येता, सेल्फ मारता, इंजिन फिरतं पण पकडत नाही. अर्धा तास वैतागता, मग अचानक चालू. घाबरू नका, मिसळीचा संबंध नाही! इंजिन बंद केल्यावर पाणी फिरणं थांबतं, समोरून वारा लागत नाही, त्यामुळे बॉनेटखालचं तापमान काही काळ उलट वाढतं. ज्या पार्टला उष्णता सहन होत नाही, तो नेमका या वेळात दगा देतो.

इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरणारी एक गोष्ट तुम्ही वाचली असेल. व्हॅनिला आइस्क्रीम आणायला गेलं की गाडी चालू होत नाही, बाकी कुठलाही फ्लेव्हर आणला की होते. उलगडा असा, की व्हॅनिला दारातच मिळायचं, लवकर परत यायचं आणि तोवर इंजिन थंड झालेलं नसायचं. गोष्ट खरी घडली की नाही, याची खात्री कुणी देत नाही. पण तर्क शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत अशा वेळी नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. आजच्या गाड्यांत संशयित नंबर एक म्हणजे क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय का आणि कुठल्या स्थितीत आहे, हे तो कॉम्प्युटरला सांगतो. तापला की त्याच्या आतलं वाइंडिंग तुटतं, थंड झाला की पुन्हा जुळतं. तो गप्प बसला की कॉम्प्युटर ना स्पार्क देतो, ना पेट्रोल. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडासा उचलला जातो. मेल्यासारखा पडून राहिला तर मेकॅनिकला आवर्जून सांगा.

सकाळचा त्रास असेल तर पेट्रोलकडे वळा. म्युझिक-एसी बंद, काचा वर, किल्ली फक्त ऑन करा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोन सेकंद 'झूं' असा पंपाचा आवाज येतो. आलाच नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज. आवाज येतो पण गाडी लांब सेल्फ घेते, असं असेल तर किल्ली ऑन-ऑफ, ऑन-ऑफ अशी तीनदा करून मग सेल्फ मारा. आता पटकन चालू झाली? मग रात्रीत पेट्रोलचं प्रेशर उतरतंय, पंपाच्या व्हॉल्व्हमधून किंवा इंजेक्टरमधून गळतंय.

पंपावर संशय येण्याला आधारही आहे. मार्च २०२४ मध्ये मारुती सुझुकीने २०१९ मध्ये बनलेल्या ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर परत बोलावल्या. कारण होतं फ्युएल पंपच्या मोटरमधला एक पार्ट. क्वचित प्रसंगी इंजिन बंद पडू शकतं किंवा चालू व्हायला त्रास होऊ शकतो, असं कंपनीने सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होंडाने ९०,४६८ जुन्या गाड्यांचे पंप फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. तिथे दोष इम्पेलरचा, म्हणजे पंपातल्या छोट्या चक्रीचा होता. म्हणून सेकंडहँड गाडी घेतली असेल तर खिसा रिकामा करण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का बघा. आधीच्या मालकाला आलेला मेसेज तुमच्यापर्यंत आलेला नसतो.

गाडी चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर किल्ली किंवा कुलपाचा दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकत असेल, तर तो इमोबिलायझर. गाडीने तुम्हाला चोर समजलंय! कपाटातली दुसरी किल्ली आणून बघा. तिने बिनतक्रार चालू झाली तर रोग किल्लीत आहे, इंजिनात नाही.

किल्लीवरून आठवलं. गणपती, घराची चावी, लॉकरची चावी, ऑफिसचं ड्रॉवर आणि बॉटल ओपनर असा पाव किलोचा जुडगा इग्निशनला लटकवणारे तुमच्यातही असतील. अमेरिकेत जनरल मोटर्सला २०१४ मध्ये सुमारे २६ लाख छोट्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने स्विच फिरायचा, इंजिन चालता चालता बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीच्या भरपाई योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. वर्षानुवर्षं अधूनमधून येणारा तो बिघाड, आणि तो एकत्र जोडून बघितला गेला फार उशिरा. गाडीची किल्ली एकटी ठेवा.

मायको सर्कलवरून जाताना

डिझेलवाल्यांची कथा वेगळी, आणि तिचा एक धागा थेट आपल्या सातपूरशी जोडलेला. मायको २००८ मध्ये बॉश झाली तरी सर्कल आपण अजून मायकोच म्हणतो. तिथल्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. कॉमन रेल डिझेलमध्ये ठरावीक प्रेशर तयार झाल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत. एखादा इंजेक्टर झिजला की डिझेल परतीच्या नळीतून गळतं, प्रेशर उभं राहत नाही आणि गाडी लांबच लांब सेल्फ घेत राहते, गरम असताना तर जास्तच. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला बाटली लावून कुणातून किती गळतंय हे मोजता येतं. चारही बदलायला सांगणाऱ्याला ही टेस्ट केली का, एवढं विचारा. सकाळचाच त्रास असेल तर हीटर प्लग, आणि फिल्टर बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर डिझेलला एअर धरली आहे का, ते बघायचं.

टू-व्हीलरवाल्यांचं त्या मानाने सोपं. किकने चालू होते पण सेल्फने नाही, तर बॅटरी किंवा रिले. दोन्हीने नाही, तर प्लग आणि पेट्रोल. धुऊन आणल्यावर किंवा पावसातच रुसते, तर प्लग कॅपमध्ये पाणी. नव्या बाइक्समध्ये साइड स्टँडचा स्विच चिखलाने अडकतो, तो बघायचाच. आणि एफआय गाडी असेल तर बॅटरी अगदीच मेल्यावर ती किकलाही दाद देत नाही, हे लक्षात असू द्या.

घाटात असाल तर

पार्किंगमध्ये हे सगळं डिटेक्टिव्हगिरीसारखं वाटतं. कसारा घाटात रात्री अकराला, किंवा जून २०२५ पासून सुरू झालेल्या समृद्धीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात तसं वाटणार नाही. दर विकेंडला मुंबईहून अप-डाऊन करणाऱ्या गाडीने आठवड्यात दोनदा 'टक्' केलं असेल, तर निघायच्या आधीच सोक्षमोक्ष लावा. तरीही रस्त्यात अडकलात तर हॅझार्ड लावा, त्रिकोण मागे लांबवर ठेवा, माणसं रस्त्याच्या कडेला बॅरिअरच्या पलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर आहे ती बॅटरीही जाईल आणि सेल्फ मोटरही. मॅन्युअल गाडी सपाट, मोकळ्या जागी धक्का मारून चालू झाली, तर तोही पुरावाच : पेट्रोल-स्पार्क ठीक आहे, गुन्हेगार बॅटरी-सेल्फच्या बाजूला. ऑटोमॅटिकला धक्का मारायच्या भानगडीत पडू नका.

जॉब कार्डवर काय लिहायचं

पुढच्या वेळी 'टक्' झालं की पहिलं काम, मोबाइल काढा आणि व्हिडिओ घ्या. डॅशबोर्डचे दिवे, आरपीएमचा काटा आणि सेल्फचा आवाज. मग चार ओळी टिपून ठेवा. तारीख-वेळ, गाडी किती तास उभी होती, थंड की गरम, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, आदल्या दिवशी धुतली किंवा काही काम केलं का. पाच-सहा नोंदी झाल्या की पॅटर्न आपोआप दिसायला लागतो. बॉनेट उघडलंच आहे तर वायर कुरतडल्यात का तेही बघा. पार्किंगमधल्या उंदरांनी भल्याभल्या मेकॅनिकना घाम फोडलाय.

साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. हजारभर रुपयांचं ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर कोड वाचता येतात. पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. लक्षात घ्या, सर्किटमध्ये. सेन्सर, त्याची वायर किंवा कनेक्टर, काहीही असू शकतं, त्यामुळे कोड बघून लगेच पार्ट ऑर्डर करणाऱ्यापासून सावध. आणि स्कॅन करायच्या आधी बॅटरी सोडवू देऊ नका, बऱ्याच गाड्यांत साठलेले कोड पुसले जातात.

सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डवर 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' एवढंच लिहू देऊ नका. 'सकाळी पहिला सेल्फ, एकच टक् आवाज, दिवे लख्ख, आठवड्यात तीनदा' असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि कॉपी मागा. वॉरंटी संपायच्या आत केलेली तक्रार नंतर सिद्ध करायला तोच कागद लागतो. टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

आणि गाडी शनिवारी दुपारी गर्दीत नेऊ नका. त्रास सकाळचा असेल तर आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवून या, सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकलाच मारू दे, मीटर लावून. त्रास गरम झाल्यावरचा असेल तर त्याला शेजारी बसवून त्र्यंबक रोडला अर्धा तास फिरवून आणा, चहा पाजा आणि मग किल्ली त्याच्या हातात द्या. दोन्ही किल्ल्या द्या.